गाडीच्या काचेवरचा साक्षीदार : डॅशकॅम लावावा का, आणि लावल्यावर काय सांभाळावे?

कागल ते कोल्हापूर रोज फेऱ्या मारणाऱ्या टेम्पोपासून पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील माल घेऊन बंगळुरूकडे निघालेल्या ट्रकपर्यंत अनेक गाड्यांच्या पुढच्या काचेला आतून चिकटवलेला एक लहानसा कॅमेरा आता दिसू लागला आहे. गाडी सुरू झाली की तो सुरू होतो आणि समोरचा रस्ता टिपत राहतो. यालाच डॅशकॅम म्हणतात. आमच्या वाचकांत वाहतुकीवर पोट असणारे पुष्कळ आहेत. कुणाचा स्वतःचा एकच टेम्पो आहे, कुणाच्या दोन-चार टुरिस्ट गाड्या आहेत, कुणी फळे किंवा भंगाराचा माल भाड्याच्या गाडीने पाठवतो. हा कॅमेरा घेण्यात शहाणपण आहे की नसती आफत विकत घेणे आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या दोन्ही बाजू पाहू.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. धंद्याच्या गाडीला समोर पाहणारा कॅमेरा असावा. गाडीच्या आत पाहणारा किंवा आवाज टिपणारा कॅमेरा मात्र विचार केल्यावाचून लावू नये. आणि कॅमेऱ्यातील चित्रण पोलीस, विमा कंपनी व न्यायालय या तीन ठिकाणांखेरीज कुठेही जाऊ देऊ नये. या तिसऱ्या गोष्टीकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून तिच्यावर आम्ही अधिक लिहिणार आहोत.

दोन राज्यांच्या वेशीवरचा रस्ता

कागल हे पुणे-बंगळुरू महामार्गावरील महाराष्ट्राच्या बाजूचे शेवटचे मोठे गाव. कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर. दूधगंगा ओलांडून दक्षिणेला गेले की थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते आणि कोगनोळीचा टोलनाका येतो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४, आताचा ४८, याच रस्त्यावर मुंबई-पुण्याचा माल दक्षिणेत उतरतो. त्यात औद्योगिक वसाहतीतील पाळी सुटली की दुचाक्यांचा लोंढा महामार्गावर येतो. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर तिन्हीसांजेला मागे दिवा नसताना चाललेले असतात. उलट्या दिशेने येणाऱ्यांविषयी तर न बोललेले बरे. अशा रस्त्यावर धडक झाली की मोठी गाडी ज्याची, चूक त्याची, असा लोकांचा पहिला समज असतो. पुष्कळदा फिर्यादही त्याच समजावर उभी राहते.

हद्दीमुळे आणखी एक अडचण होते. अपघात कागल पोलीस ठाण्याच्या हद्दीत झाला तर जबाब मराठीत होतो. तोच चार-सहा किलोमीटर पुढे झाला तर ठाणे कर्नाटकाचे, पंचनामा कानडीत, आणि चालकाला आपण कशाखाली सही केली हे घरी येऊन कुणाला तरी वाचून घ्यावे लागते. चित्रणाला ही भाषेची अडचण नसते.

सीमाप्रश्न तापला की या रस्त्यावरच्या गाड्यांना त्याची झळ बसते, हेही ध्यानात घ्यावे. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राचा क्रमांक असलेल्या ट्रकांवर दगडफेक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव व चित्रदुर्गच्या घटनांनंतर दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या काही दिवस हद्दीवर थांबल्या. गाडीचा सर्वंकष विमा असेल तर दंगल, संप किंवा कुणी मुद्दाम केलेली नासधूस यांचेही नुकसान मिळू शकते. पण काच कुठे, केव्हा आणि कशी फुटली हे दाखवावे लागते. अशा वेळी काचेवरचा कॅमेरा आपला पैसा वसूल करून देतो.

यंत्राची ओळख

साध्या, एका तोंडाच्या कॅमेऱ्याला फार खर्च येत नाही. पुढचा बंपर एकदा बदलला तरी त्याहून अधिक पैसे जातात. पण यंत्र कसे चालते हे समजून घेतले नाही तर नेमक्या प्रसंगी हाती काही लागत नाही.

कॅमेरा चित्रणाचे एक ते तीन मिनिटांचे तुकडे करतो आणि ते आतल्या मेमरी कार्डावर लिहीत जातो. कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून त्या जागी नवा लिहितो. नेहमीच्या स्पष्ट चित्रणाला तासाला साधारण ६ जीबी जागा लागते असे धरले तर ६४ जीबीच्या कार्डावर सुमारे दहा तास मावतात. म्हणजे सकाळी कागलजवळ झालेल्या धडकेनंतर गाडी तशीच बंगळुरूपर्यंत हाकली, तर मुक्कामी पोहोचेपर्यंत सकाळचा पुरावा पुसण्याच्या बेतात आलेला असतो. यावर उपाय म्हणून यंत्रात धक्का ओळखणारा भाग असतो. जोराचा धक्का बसला की तो त्या वेळचा तुकडा कुलूपबंद करतो आणि मग तो पुसला जात नाही. परंतु आपल्याकडचे खड्डे या भागाला कळत नाहीत. प्रत्येक खड्ड्याला तो एक तुकडा कुलूपबंद करतो, आणि महिन्याभरात कार्ड अशा निरुपयोगी तुकड्यांनी भरून जाते. म्हणून धक्क्याची संवेदना कमी ठेवावी, आणि महिन्यातून एकदा, कार्डावर काही कामाचे नाही याची खात्री करून, कार्ड कोरे करावे. सततच्या लिहिण्याने साधे कार्ड लवकर खराब होते. सतत चित्रणासाठी म्हणून वेगळी टिकाऊ कार्डे मिळतात, तीच घ्यावीत.

आणखी दोन गोष्टी दुकानदाराला विचाराव्यात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीची काच भट्टीसारखी तापते, म्हणून लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा बरा. आणि वायर जोडताना गाडीची मूळ वायर कापू देऊ नये, जोडणी फ्यूज बॉक्समधून घ्यावी. उद्या गाडीत शॉर्टसर्किट झाले तर कापलेल्या वायरीकडे बोट दाखवून विमा कंपनी हात झटकू शकते.

घड्याळाचे तर कुणी बघतच नाही. कॅमेऱ्यातील तारीख व वेळ चुकीची असली तर समोरच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळतो. वेळ महिन्याला एकदा मोबाईलशी ताडून पाहावी.

रात्री भरधाव जाणाऱ्या गाडीचा क्रमांक मात्र स्वस्त कॅमेऱ्यात बहुधा वाचता येत नाही. विक्रेता काहीही सांगो.

न्यायालय चित्रणाला काय विचारते?

कॅमेऱ्यात आले म्हणजे सिद्ध झाले, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती पुरती खरी नाही. या विषयावरचा देशभर मानला जाणारा निकाल आपल्याच राज्यातून, जालन्यातून, गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजयी झाले. खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर, म्हणजे २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजल्यानंतर दाखल झाले, असा आक्षेप गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात व बाहेर कॅमेरे लावलेले होते आणि वाद त्या चित्रणावर येऊन ठेपला. चित्रणाच्या प्रती न्यायालयात आल्या, पण त्यांच्यासोबत कायद्याला लागणारा दाखला नव्हता. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी तो दिला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो निर्णय कायम ठेवला, कारण अर्जदाराने दाखला मिळवण्यासाठी हातात होते ते सर्व केले होते. मात्र नियम म्हणून त्यांनी स्पष्ट सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर हा दाखला आवश्यक आहे. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात हजर करून शाबीत केले तर त्याची गरज नाही.

त्या वेळी हा दाखला १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ही तरतूद त्याच्या कलम ६३ मध्ये आली. आता दाखल्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा. फाईलमध्ये कणभर बदल झाला तरी हा अंगठा बदलतो, त्यामुळे चित्रणात कुणी फेरफार केला की नाही हे ताडता येते.

यातून व्यवहाराचा धडा असा. अपघात झाला की जखमींकडे आधी पाहावे. त्यानंतर पहिल्या सवडीत कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्यावे, त्या गाडीत दुसरे कार्ड घालावे. मूळ कार्ड पाकिटात घालून त्यावर तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक लिहावा. संगणकावर एक प्रत काढावी आणि मूळ कार्डाला पुन्हा हात लावू नये. पोलिसांनी कार्ड किंवा कॅमेरा ताब्यात घेतला तर पंचनाम्यात त्याची नोंद झाल्याचे पाहावे व पोच घ्यावी.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कोणती गोष्ट अधिक संभवनीय, एवढे तेथे पाहिले जाते. तेथे दोघांच्या चुकीची वाटणीही होते आणि त्या प्रमाणात भरपाई कमी-जास्त होते. समोरचा दुचाकीस्वार उलट्या बाजूने आला होता, हे दहा सेकंदांच्या चित्रणातून दिसले तर ही वाटणी बदलते.

पण कॅमेरा मालकाची बाजू घेत नाही. त्यावर वेगाचा आकडा उमटत असेल आणि आपला वेग ८० च्या जागी १०५ दिसत असेल, तर तेही दिसणारच. अशा वेळी कार्ड फोडून टाकण्याचा सल्ला देणारे शहाणे भेटतात. त्यांचे ऐकू नये. पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हा आहे. निष्काळजीपणाच्या खटल्यात त्याची भर पडते आणि चुकीमागे हेतू होता असा संशय घ्यायला जागा होते.

रस्त्यावरच्या तिसऱ्यासाठी

एक फायदा असा आहे की जो कॅमेऱ्याच्या मालकाला मिळत नाही, दुसऱ्याच कुणाला मिळतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात धडक देऊन पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात झाले व त्यांत ३०,४८६ माणसे गेली. धडक देणारी गाडी सापडली नाही तर मृताच्या वारसांना १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे २ लाख रुपये मिळतात, गंभीर जखमीला ५० हजार. गाडी सापडली तर मात्र मृताचे वय, कमाई, घरातली माणसे यांचा हिशेब करून पूर्ण भरपाई मागता येते. कमावत्या तरुणाच्या बाबतीत हा फरक दोन लाख आणि वीस-पंचवीस लाख असाही असू शकतो. मागून येणाऱ्या आपल्या टेम्पोच्या कॅमेऱ्यात पळणाऱ्या गाडीचा रंग, बनावट, क्रमांकाचे दोन अंक जरी आले असतील तरी पोलिसांना धागा मिळतो. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आहे. चित्रण देणाऱ्याला पुढे साक्षीला जावे लागू शकते, हे खरे आहे. ते गृहीत धरूनच आम्ही म्हणतो की असे चित्रण द्यावे.

चालकाच्या बाजूने

अपघातानंतर जमाव काय करतो हे ट्रकचालकाला कुणी शिकवावे लागत नाही. कायद्यालाही ते माहीत आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे चालकाचे कर्तव्य सांगताना मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर अपवाद करते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे उपकलम घातले गेले, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. जो चालक जिवाच्या भीतीने जागा सोडतो आणि थेट जवळच्या ठाण्यात जातो, त्याच्या म्हणण्याला कॅमेऱ्याइतका आधार दुसरा नाही. जमाव धावून आला हे त्यात दिसते आणि गाडी कुठे गेली हेही.

म्हणून आमचे मालकांना आग्रहाचे सांगणे आहे की चित्रणाची एक प्रत चालकाला मिळाली पाहिजे. गाडी मालकाची, विमा मालकाचा, परंतु फौजदारी खटला चालकावर होतो. तुरुंगात तो जातो. त्याच्या बचावाचा पुरावा मालकाच्या तिजोरीत आणि मालकाचे विमा कंपनीशी जमले की कार्ड कोरे, असे होता कामा नये.

दुसरी बाजू : कॅमेरा आणखी कुणाकुणाला पाहतो?

पहिला स्वतः मालक. व्यापाऱ्याच्या गाडीतले कार्ड म्हणजे एका अर्थी त्याची वहीच असते. गाडी कोणत्या गोदामासमोर किती वेळ थांबली, कोणत्या गिऱ्हाईकाकडे कोणत्या वारी जाते, वसुली घेऊन कोणत्या रस्त्याने परतते, हे सर्व त्यात आहे. ही गाडी आपण धुवायला देतो, गॅरेजमध्ये दोन दिवस सोडतो, कधी विकतो. कार्ड मात्र तसेच राहते. बऱ्याच कॅमेऱ्यांना वाय-फाय असते आणि त्याचा संकेतशब्द कारखान्यातून आला तोच ठेवलेला असतो, तो शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही आजमावता येतो. काही कॅमेरे सिमकार्ड घालून चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. तो सर्व्हर कोणत्या देशात आहे हे डब्यावर लिहिलेले नसते. अशी सोय खरोखर हवी असेल तरच घ्यावी. एका-दोन गाड्यांच्या धंद्याला तिची गरज नाही.

दुसरे म्हणजे प्रवासी. टुरिस्ट गाडीत उमऱ्याला निघालेले कुटुंब मुंबई विमानतळापर्यंत रात्रभर बसलेले असते. कुणी कोल्हापूरच्या सीपीआरला किंवा मिरजेला रुग्ण घेऊन जातो. वाटेत घरातल्या गोष्टी निघतात, मुलीच्या स्थळाची बोलणी होतात, दुखण्याचे नाव घेतले जाते, भावाभावांतला देण्याघेण्याचा हिशेब निघतो. मागच्या बाकावर आई लेकराला पाजत असते. समोर तोंड असलेल्या कॅमेऱ्यालाही माइक असतो आणि तो बहुधा सुरूच असतो, ही गोष्ट पुष्कळ मालकांच्या गावीही नाही. अपघातात कुणाची चूक हे ठरवायला प्रवाशांच्या बोलण्याची गरज काय? माइक बंद करावा, आणि पहिल्याच दिवशी करावा.

तिसरी आपली गल्ली. गाडी उभी असतानाही पहारा करणारी ‘पार्किंग’ सोय काही कॅमेऱ्यांत असते. महामार्गावरच्या ढाब्यावर ती उपयोगी. पण कागलच्या अरुंद गल्लीत गाडीचे तोंड समोरच्या घराच्या दाराकडे असेल तर रात्रंदिवस त्या घरात कोण आले, कोण गेले याची नोंद होत राहते. दारात बसून धान्य निवडणाऱ्या बायकांनी आपले चित्रण होऊ द्यायला होकार दिलेला नाही. शेजारधर्म म्हणूनही घरासमोर ही सोय बंद असावी.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई व न्याय संहितेचे कलम ७७ अंगाचे खासगी भाग किंवा स्त्रीची खासगी कृती टिपण्याला गुन्हा ठरवतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात स्वतःच्या घरगुती वा व्यक्तिगत कामासाठी एखाद्याने ठेवलेल्या माहितीला सूट आहे. म्हणजे सहकुटुंब फिरणाऱ्याच्या कारमधला कॅमेरा या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. टुरिस्ट गाडी किंवा कंपनीचा ट्रक यांना ‘घरगुती’ म्हणता येणार नाही. आत पाहणारा कॅमेरा लावून भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला त्यांना सूचना देणे, संमती घेणे, चित्रण सुरक्षित ठेवणे, काम झाल्यावर पुसणे या जबाबदाऱ्या येतात. नोकराच्या बाबतीत मालकाचे नुकसान टाळण्यासाठीच्या वापराला कायद्याने काही मोकळीक दिली आहे, प्रवाशाच्या बाबतीत ती नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे.

जर्मनीतील एक निकाल येथे उपयोगी पडतो. माग्देबुर्ग शहरात दोन गाड्या वळताना घासल्या. एकाकडे डॅशकॅम होता, पण खालच्या न्यायालयांनी ते चित्रण पाहण्यास नकार दिला. १५ मे २०१८ रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की कारणाशिवाय सतत चित्रण करणे माहिती संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे, तरीही हे चित्रण पुरावा म्हणून पाहता येईल. थोड्या वेळाने आपोआप पुसले जाणारे आणि धक्का बसला तरच टिकणारे चित्रण करता येते, याकडेही त्याने लक्ष वेधले. आपल्याकडे असा निर्बंध नसला तरी ही रीत आपणही पाळावी असे आम्हाला वाटते. जे पुसले गेले ते चोरीला जात नाही.

व्हॉट्सॲपचा मोह

आता मुख्य धोक्याकडे येऊ. अपघाताचे चित्रण हाती असले की ते गटावर टाकण्याचा मोह होतो. ‘सावध राहा’ म्हणून टाकले जाते. तासाभरात ते तीन तालुक्यांत फिरते. रस्त्यावर पडलेला मुलगा कुणाचा तरी असतो, आणि त्याच्या घरी पोलीस पोहोचण्याआधी ते चित्रण पोहोचते. त्याच्या आईने ते कसे पाहावे? सोबत ‘हाच तो बेदरकार चालक’ असे लिहून गाडीचा क्रमांक दिला आणि उद्या चूक त्याची नव्हती असे निघाले, तर बदनामीची फिर्याद आपल्यावर होऊ शकते.

चित्रणाचा वीस सेकंदांचा तुकडा तोडला की त्याचा अर्थही तुटतो. आधीच्या दहा सेकंदांत काय घडले ते बघणाऱ्याला दिसत नाही. गाडीवरचे नाव, चालकाची दाढी, डोक्यावरची टोपी, जमावातल्या कुणाचा गमछा, एवढेच डोळ्यांत भरते. आमच्या जिल्ह्याला याची किंमत माहीत आहे. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या काही स्टेटसमुळे कोल्हापूर शहर पेटायची वेळ आली होती. ७ जूनला बंद, दगडफेक, लाठीमार झाला व इंटरनेट बंद करावे लागले. हातगाडीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कित्येकांचे त्यात नुकसान झाले. दोन गाड्यांच्या घासाघाशीला त्या वळणावर न्यायला एक अर्धवट चित्रण पुरते.

आणि यात स्वतःचेही नुकसान आहे. व्हॉट्सॲपवरून साधे पाठवलेले चित्रण आकाराने दाबले जाते. त्याचा स्पष्टपणा जातो, मूळ फाईलमधली माहिती गळते, हॅश बदलतो. चालकाने फक्त गटावर टाकून कार्ड कोरे केले तर न्यायालयात दाखवायला मूळ काहीच उरत नाही. विमा कंपनीला चित्रण द्यायचे ते पेनड्राइव्हवर मूळ फाईल देऊन, पोच घेऊन द्यावे.

मालक व चालक यांच्यातील करार

पगारी चालक असेल तर कॅमेरा लावण्याआधी अर्ध्या पानाचा मराठी करार लिहावा. चित्रण केवळ अपघात, चोरी किंवा लेखी तक्रार आली तरच पाहिले जाईल. ते मालक आणि चालक दोघे समोर असताना पाहिले जाईल. मुक्कामाला, जेवणाला, झोपेला गाडी उभी असताना आतले काहीही टिपले जाणार नाही. चित्रणावरून पगार कापायचा असेल तर चालकाचे म्हणणे आधी ऐकले जाईल. अपघाताच्या चित्रणाची प्रत त्याला दोन दिवसांत मिळेल. आणि मालक किंवा चालक, कुणीही ते बाहेर पाठवणार नाही. चालकाच्या तोंडासमोर कॅमेरा लावून बंगळुरूपर्यंत तो जांभया किती देतो हे मोजणारे मालक आहेत. त्याला पुरेशी झोप मिळेल अशी फेरी आखली तर त्या कॅमेऱ्याचा खर्च वाचेल, असे आम्हाला वाटते.

कॅमेरा आरशाच्या मागे, चालकाच्या नजरेआड बसवावा. लष्करी ठिकाणे व जेथे चित्रणास मनाईचा फलक आहे तेथे तो बंद करावा. गाडी विकताना कार्ड काढून घ्यावे आणि ॲपमधून गाडीची नोंद रद्द करावी.

प्रवासी गाडीसाठी सूचनेचा मसुदा पुढे देत आहोत. दारावर आतून, बसणाऱ्याला सहज वाचता येईल अशा अक्षरांत लावावा. हद्दीपलीकडचे प्रवासी असतील तर खाली कानडीतही लिहून घ्यावा.

‘या गाडीतून समोरच्या रस्त्याचे चित्रण होते. गाडीच्या आतील चित्र किंवा आवाज नोंदवला जात नाही. अपघात झाल्यास चित्रण पोलीस, विमा कंपनी व न्यायालय यांनाच दिले जाते, एरवी ते काही तासांत आपोआप पुसले जाते. शंका असल्यास चालकाला कॅमेरा दाखवण्यास सांगावे.’